तांबी बसवू का, आणि नवऱ्याला न सांगता बसवली तर?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): वय २८. मुलगी ११ महिन्यांची, सिझर झालेलं, अजून अंगावर पाजते. नवरा कंपनीत शिफ्टला, सासूबाई सोबत राहतात. दुसरं मूल हवंय पण मुलगी शाळेत जायला लागल्यावर, सासूबाईंना मात्र वाटतं दोन्ही लागोपाठ होऊन जाऊ देत. पाळी मुलगी सात महिन्यांची असताना परत सुरू झाली, तेव्हापासून कधी वीस दिवसांनी कधी चाळीस, आणि आली की सहा-सात दिवस भरपूर जातं. म्हणते, "माझी पाळीच आता खराब झालीये." नवऱ्याला कंडोम आवडत नाही, "मी सांभाळतो ना" म्हणतो. भीती वाटली की ७२ तासांवाली गोळी (संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची), ती चार महिन्यांत तीनदा घेऊन झाली. हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टर म्हणाल्या तांबी (दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ते साधन) बसवून घे. तिला मात्र वाटतं एकदा बसवली म्हणजे संपलं. सासूबाई म्हणतात तांबी वर सरकते, बायका वाळून जातात, शिवाय ती दर महिन्याला गर्भ पाडते, पाप लागतं. नणंदेला तांबी असताना दिवस गेले होते. "ताई, तांबी चांगली की वाईट? त्याला सासूबाईंचंच पटतं, मग नवऱ्याला न सांगता बसवली तर चालेल का?"

---

अगं, तुझ्या पत्रात तांबीबद्दल पानभर आहे आणि त्या ७२ तासांवाल्या गोळीबद्दल एक ओळ, आणि मला खरी काळजी त्या एका ओळीची वाटली. मी डॉक्टर नाही हे तुला माहितीये, पण या विषयावर डॉक्टरांशी आणि बायकांशी इतकी वर्षं बोलतेय की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती गोळी घेतलेली कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. तू सांगितलंस का? पत्रावरून तरी वाटत नाही.

आणि ते सांगणं गरजेचं आहे, कारण त्या गोळीत हार्मोनचा मोठा डोस एकदम असतो, तिने पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होते, मधेच डाग लागतात, कधी जास्त जातं. एकदा घेतली तर ते एका महिन्यात निस्तरतं. तू तीन घेतल्यास, वरून अंगावर पाजतेस, पाळीचं गणित मुळातच अजून बसलेलं नाही. तेव्हा तू जे लिहिलंयस ना, "माझी पाळीच आता खराब झालीये", ते इतक्या लवकर ठरवू नकोस. त्यातलं किती गोळीचं, किती बाळंतपणानंतरचं आणि किती खरंच तुझं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. गोळी वाईट नाही, कंडोम फाटला वगैरे झालं तर हवीच, पण ती दर महिन्याची सोय म्हणून बनवलेली नाही, आणि रोजच्या किंवा कायमच्या साधनांइतकी खात्रीची तर अजिबातच नाही.

आता "मी सांभाळतो ना". बाहेर काढण्यावर वर्षभर भरवसा ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांमधे साधारण वीस बायकांना दिवस जातात. कंडोमवर, म्हणजे लोक जसा वापरतात तसा, कधी विसरून कधी उशिरा घालून, साधारण तेरा. तांबीवर एकीपेक्षाही कमी. हे आकडे मी मुद्दाम आधी देतेय कारण तुझ्या घरात तांबीच्या धोक्याची चर्चा चाललीये आणि काहीच न वापरण्याच्या धोक्याची कुणी करत नाहीये. सिझरनंतर वर्षभरात परत दिवस राहिले तर ते ९.२ हिमोग्लोबिनच्या अंगावर येणार आहे, सासूबाईंच्या नाही. दोन बाळंतपणांच्या मधे, म्हणजे एक मूल झाल्यापासून पुढचा गर्भ राहीपर्यंत, निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे तुझा "शाळेत जायला लागल्यावर" हा प्लॅन काही चोचलेपणा नाहीये, अगदी पुस्तकातला आहे.

नणंदेचं खरं असेल. शंभरात एकीपेक्षा कमी म्हणजे शून्य नाही, आणि लाखो बायका वापरतात म्हटल्यावर प्रत्येकीच्या ओळखीत अशी एक निघतेच, बाकीच्या ज्यांना काही झालं नाही त्यांची गोष्ट कोण कशाला सांगेल. बरेचदा असंही झालेलं असतं की तांबी नकळत पडून गेलेली असते, पाळीच्या रक्तासोबत, पहिल्या काही महिन्यांत ते जास्त होतं, आणि बाई समजते आत आहे. म्हणून तिचा खाली लोंबणारा बारीक दोरा तपासायला सांगतात. त्यावर पुढे येते. पण नणंदेच्या गोष्टीतून एक खरंच लक्षात ठेव: तांबी असताना पाळी चुकली, किंवा एका बाजूला पोटात जोरात दुखून चक्कर आली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. तांबीमुळे एकूण दिवसच क्वचित जातात, पण गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते आणि ते अंगावर काढायचं दुखणं नव्हे.

सासूबाईंना मी वेड्यात काढणार नाही. त्यांच्या आईच्या पिढीत १९६५ साली सरकारने 'लूप' आणला, प्लॅस्टिकचा, वळणावळणाचा, त्यात तांबं नव्हतं. टार्गेट ठरलेली, कॅम्प लावून बसवायचे, आणि नंतर त्या बाईला रक्त किती जातंय, पोटात दुखतंय का, हे विचारायला फारसं कुणी जायचं नाही. बायकांना भरपूर रक्तस्राव झाला, अंगात रक्त नव्हतंच, त्या खरोखर वाळल्या. गावोगाव बायकांनी लूप काढून टाकले आणि काही वर्षांत त्याचा आकडा घसरला. ती भीती आजी-पणजीकडून चालत आलीये, ती हवेतून आलेली नाही. फक्त ज्या वस्तूची ती भीती आहे ती वस्तू आता कुणी बसवत नाही.

"वर सरकते" हे कसं आहे बघ. गर्भाशय ही पिशवी आहे, खाली तोंड आणि वर बारीक नळ्या, तांबीला तिथून काळजाकडे जायला रस्ताच नाही. खरा धोका आहे तो बसवतानाचा, पिशवीला भोक पडून ती पोटात जाऊ शकते, हजारात एक-दोघींना. आणि आता हे तुझ्यासाठी महत्त्वाचं, अंगावर पाजणाऱ्या बायकांमधे हा धोका थोडा जास्त असतो कारण पिशवी मऊ असते. म्हणून बसवू नको असं कुणी म्हणत नाही, सिझर झालेल्या बायकांना आणि पाजणाऱ्या बायकांनाही बसवतात, पण नेहमी बसवणाऱ्या, हात बसलेल्या डॉक्टर किंवा नर्सकडून बसव, आणि तू पाजतेस आणि सिझर झालंय हे त्यांना तोंडाने सांग, फाइलमधे आहे म्हणून गप्प बसू नको.

गर्भ पाडते, हेही नाही. तांब्याचे कण शुक्रजंतूंना मारतात, निकामी करतात, बीजापर्यंत पोचूच देत नाहीत, त्यामुळे गर्भ धरतच नाही. पाडायला तिथे काही असावं लागतं ना. पाप-पुण्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा, माहिती मात्र बरोबर घेऊन करावा.

आता तुझा मूळ प्रश्न, चांगली की वाईट. मला वाटतं तू प्रश्न चुकीच्या जागी लावलायस, कारण तांबी म्हणून ज्याला सगळे म्हणतात ते दोन वेगळे प्रकार आहेत आणि तुझ्या केसमधे कुठला, यावरच सगळं आहे. एक साधी कॉपर टी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तिच्यातही ३८० ए नावाची दहा वर्षं चालते आणि ३७५ नावाची पाच वर्षं. हिच्यात हार्मोन काहीच नाही, दुधावर काही परिणाम नाही. पण हिची एक खोड आहे, पहिले तीन ते सहा महिने पाळीला जास्त जातं आणि दुखतंही जास्त. बऱ्याच जणींचं नंतर कमी होतं, काहींचं होत नाही. जिची पाळी आधीच तीन दिवसांत उरकते तिला हे चालून जातं. तुझं सहा-सात दिवस आणि हिमोग्लोबिन ९.२, बाईचं १२ च्या वर हवं. डॉक्टरी नियमाप्रमाणे अशा बाईला कॉपर टी वर्ज्य नाही, बसवता येते, पण मी तुझ्या जागी असते तर तिच्यापासून सुरुवात केली नसती. निदान रक्त वाढेपर्यंत तरी नाही.

दुसरी हार्मोनवाली, मिरेना हे नाव ऐकलं असशील, त्याच प्रकारातल्या भारतीय कंपनीच्याही मिळतात. हिच्यातून थोडं थोडं हार्मोन पिशवीतच सुटत राहतं, पिशवीच्या तोंडावरचा चिकट स्राव घट्ट होतो, आतलं अस्तर पातळ राहतं. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, त्याने वैताग येतो हे आधीच सांगते, पण मग पाळी हलकी होते, इतकी की ज्यांना खूप रक्त जातं त्यांना डॉक्टर ही उपचार म्हणूनसुद्धा बसवतात. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी बंदच होते. इथे सासूबाई म्हणतील घाण आत साठते. साठत नाही, अस्तर तयारच झालेलं नसतं तर बाहेर काय येणार, भांड्यात दूध ओतलंच नाही तर उतू कसं जाईल. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर पाजणाऱ्या आईलाही चालते. काहींना छाती दुखते, पिंपल्स येतात, मूड बिघडतो, सगळ्यांना नाही. खरी अडचण पैशाची आहे, खाजगीत बसवणावळ धरून काही हजार जातात, तेव्हा बिलात काय काय धरलंय ते आधी विचार, लाजू नको.

म्हणजे तुझा क्रम माझ्या मते असा. डॉक्टरांकडे परत जा, तीन गोळ्यांचं सांग, आधी दिवस नाहीत ना याची टेस्ट. मग इतकं रक्त का जातंय ते त्यांना शोधू दे, सोनोग्राफी लागेल, कदाचित थायरॉइड. कारण न कळलेला रक्तस्राव असताना कुठलीच तांबी बसवत नाहीत, आणि आत गाठ असून पिशवीचा आकार बिघडला असेल किंवा इन्फेक्शन असेल, म्हणजे वास येणारं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, तर ते आधी बरं करतात. लोहाच्या गोळ्या आजपासून, लिंबू पाण्यासोबत घे, चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, नाहीतर अर्ध्या वाया. आणि हे सगळं होईपर्यंत कंडोम. आवडत नाही म्हणजे काय, दोन महिने आवडून घे म्हणावं.

बसवताना काय होतं हे बायकांना कुणी आधी सांगत नाही आणि मला याचा फार राग येतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, भूल देत नाहीत, पाळीच्या दुखण्यासारखी जोरात कळ येते, कुणाला थोडीच, कुणाला घाम फुटतो, चक्कर येते. सिझर झालेल्या बाईचं पिशवीचं तोंड बाळंतपणात बरेचदा नीट उघडलेलं नसतं, तिला जास्त दुखू शकतं. बधीर करायचं औषध लावता किंवा टोचता का, असं विचारायचा तुला हक्क आहे, काही डॉक्टर लावतात, काही विचारल्यावर लावतात. दुखतंय, थांबा, म्हटलं की त्यांनी थांबलं पाहिजे. त्या दिवशी मुलीला कुणाकडे तरी ठेव आणि परतीला स्कूटी तू चालवू नको.

नंतर एक कार्ड देतात, त्यावर कुठली बसवली, कधी, कधी काढायची हे असतं. त्याचा फोटो काढून ठेव, कारण कार्ड हरवतात आणि मग दहा वर्षांची की पाच वर्षांची यावर घरात वाद होतात. पहिली पाळी होऊन गेली की दाखवायला जा. दोरा महिन्यातून एकदा पाळीनंतर बोटाने बघायचा, हात धुऊन, ओढायचा नाही. हाताला लागत नसेल तर घाबरायचं नाही, कधी तो वर गुंडाळलेला असतो, सोनोग्राफीत कळतं, तोवर कंडोम. पहिल्या तीन आठवड्यांत ताप, वासाचं पाणी, वाढत जाणारं दुखणं असेल तर लगेच दाखवायचं, इन्फेक्शनचा धोका मुख्यतः त्याच दिवसांत असतो.

आणि नाही पटली तर काढायची. हे मी जोर देऊन सांगतेय कारण तू लिहिताना असं लिहिलंयस की एकदा बसवली म्हणजे संपलं. नसबंदी नाहीये ती. महिन्याने काढ, चार वर्षांनी काढ, काढली की लगेच दिवस राहू शकतात, अगदी त्याच महिन्यात. "पैसे घातलेत, अजून थोडे दिवस बघा" असं म्हणून डॉक्टर टाळू लागले तर दुसरीकडे जा. आपल्या देशात कुटुंब नियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन असं समीकरण झालंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बायकांमधे ऑपरेशन झालेल्या शंभरात ३८ च्या आसपास होत्या, तांबीवाल्या जेमतेम दोन, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. त्यामुळे काढता येणारं काही असू शकतं हेच पटकन डोक्यात बसत नाही.

तांबी नकोच वाटली तर बाकीचंही आहे, पटकन सांगते. सरकारी दवाखान्यात अंतरा नावाचं इंजेक्शन मिळतं, तीन महिन्यांनी एक, पाजताना चालतं, पण बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तुझ्या प्लॅनमधे ते धरावं लागेल. छाया नावाची गोळी, हार्मोन नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, हिने पाळी लांबते, रक्त कमी असलेल्या बाईला तो फायदाच, फक्त वार विसरायचे नाहीत. हे सगळं आशाताईंना विचार, त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ असतो.

लग्न न झालेल्या किंवा मूल न झालेल्या मुली हे वाचत असतील, त्यांनाही तांबी चालते. "आधी एक होऊ दे" हे ऐकावं लागतं, पण तो वैद्यकीय नियम नाही. आणि कुणाचीही तांबी लैंगिक आजार रोखत नाही, ते काम कंडोमचं.

राहिला नवरा. कायद्याने तांबीसाठी त्याची सही लागत नाही, शरीर तुझं आहे, सही तुझी. कुठे नवऱ्याला घेऊन या म्हणाले तर ती त्यांची सवय आहे. तेव्हा चालेल का, तर हो, चालेल. पण मी तुझं पत्र परत परत वाचलं आणि त्यात तांबीबद्दल सासूबाईंची चार वाक्यं आहेत, नणंदेचं एक, डॉक्टरांचं एक, नवऱ्याचं एकही नाही. "त्याला सासूबाईंचंच पटतं" हे तू लिहिलंयस, तो काय म्हणाला ते नाही. तू त्याला विचारलंयस का? की सासूबाई बोलल्या तेव्हा तो गप्प बसला आणि तू त्याचा अर्थ लावलास? आपल्याकडे पुरुष आईसमोर या विषयावर गप्पच बसतात, त्याला पटलं म्हणून असेलच असं नाही, बरेचदा कुठे बघावं हे न कळून.

लपवण्याला माझी हरकत नीतीची नाही, व्यवहाराची आहे. हार्मोनवाली बसवलीस तर पाळी बदलणार, कॉपर टी बसवलीस तर दुखणार, काहींच्या नवऱ्यांना सुरुवातीला दोरा जाणवतो (तो छोटा करून घेता येतो), आणि काही त्रास झाला तर रात्री दोन वाजता दवाखान्यात तोच नेणार आहे. एका घरात, एका बाथरूममधे हे किती दिवस झाकशील. हां, तो हात उगारत असेल, जबरदस्ती करत असेल, सांगितल्यावर तुला धोका असेल, तर माझा सल्ला उलट आहे: सांगू नको, डॉक्टरांना खरं कारण सांगून दोरा अगदी आखूड ठेवायला सांग किंवा अंतरा घे, त्याचा दोरा-बिरा काही नसतो, आणि महिलांसाठीचा १८१ नंबर फोनमधे दुसऱ्या कुठल्यातरी नावाने सेव्ह करून ठेव. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, पण पत्रात सगळं येत नाही म्हणून लिहिलं.

तसं नसेल तर त्याला सुट्टीच्या दिवशी बाहेर काढ, घरात नको, मुलगी कडेवर असू दे हवं तर. तांबीपासून सुरू करू नको. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दाखव, तीन गोळ्या घेतल्या ते सांग, मला वाटतं त्याला तीन हा आकडा माहीतच नाहीये, तुला भीती वाटते त्या आठवड्यात तुझी झोप उडते हे सांग. दुसरं मूल कधी हवंय ते त्याला आधी बोलू दे. मग डॉक्टरांकडे सोबत ने, आत नेऊन बसव, बाहेर मोबाइल बघत नाही, आणि त्याचे जे काही प्रश्न असतील, दोरा टोचतो का, पुढे मूल होईल ना, ते त्याने स्वतःच्या तोंडाने विचारू देत.

सासूबाईंना काय सांगायचं, किती सांगायचं, हे मात्र तू अंगावर घेऊ नकोस. ते काम त्याला दे, आई त्याची आहे.